नावाचं कडवं

शेवगावच्या एसटी स्टँडमागं, सायकल दुरुस्तीच्या दुकानाला खेटून भीमराजचं ‘संगम कॅसेट सेंटर’ होतं. ‘होतं’ अशासाठी, की सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत पोलीस आले आणि दोन्ही डेक अन् चारशेच्या वर कॅसेटी जीपमध्ये टाकून घेऊन गेले. मागं राहिलं ते शटर, ‘कोणतीही गाणी भरून मिळतील’ अशी रंगवलेली पाटी आणि भिंतीवर डेकच्या मापाचे दोन पांढरे चौकोन.

पोलिसांबरोबर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचा एक चकचकीत बुटांचा माणूस होता. तो फळीवर बोट ठेवत ‘ही आमची, ही आमची, ही पण आमचीच’ म्हणत होता आणि हवालदार कॅसेटी पोत्यात भरत होता. पुढं पुढं हवालदाराला निवडत बसायचा कंटाळा आला आणि त्यानं सगळ्या फळ्या सरसकट पोत्यात रिकाम्या केल्या. त्यात भीमराजच्या पोरीच्या बारशाची टेपही गेली. ती कोणत्या कंपनीची होती कुणास ठाऊक.

त्या दिवशी भीमराजला संध्याकाळपर्यंत चौकीतल्या बाकावर बसवून ठेवलं. येणारे-जाणारे निम्मे त्याचे गिऱ्हाईक. तरी त्याला लाज अशी वाटली नाही, संताप आला. आपण काय दरोडा घातला? कंपनीची कॅसेट घ्यायला बाईनं दोन दिवसांची खुरपणी घालायची, वर नगरपर्यंत जायचं, आणि तिथं दुकानदार म्हणणार की संपली, आता निघत नाही. आज वस्तीवस्तीवर जयंतीला भीमगीतं वाजतात ती कुणामुळं? असं तो मनातल्या मनात घोकत राहिला. खरं सांगायचं तर त्यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याला स्वतःकडं बघायची गरज पडली नाही.

सुटून आल्यावर त्यानं कॉपीराइट कायद्याचं मराठी पुस्तक मिळवलं आणि पेन्सिलीच्या खुणा करत तीनदा वाचलं. बी. कॉम.ला सुद्धा त्यानं एवढा अभ्यास केला नव्हता, म्हणूनच ते दुसऱ्या वर्षाला सुटलं. मग तो नगरला आदिनाथ वकिलांकडं गेला. जिल्ह्यात बऱ्याच कॅसेटवाल्यांवर धाडी पडल्या होत्या आणि कायदा बदलावा म्हणून हे वकील त्या सगळ्यांची परिषद भरवणार होते.

वकिलांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं. “तुमचं म्हणणं बरोबर आहे हो,” ते म्हणाले, “पण ते तुम्ही म्हणून काय उपयोग? ज्याची चोरी झाली असं कायदा म्हणतो ना, त्यानंच उभं राहून सांगायला पाहिजे, की बाबांनो, माझी गाणी न्या, वाटा, मला चालतं. मग पेपरवालेसुद्धा लिहून घेतील. असा एखादा कवी आहे का तुमच्याकडे?”

“आहे की,” भीमराज म्हणाला. “आमची आत्या.”

भागिरथीबाई त्याची सख्खी आत्या नव्हती. बेलपिंप्रीच्या बौद्ध वस्तीत दोघांची घरं समोरासमोर, म्हणून आत्या. तिचा नवरा रखमाजी आंबेडकरी जलशातला शाहीर होता आणि त्याच्यामागं उभं राहून झील, म्हणजे मागचा सूर, धरता धरता ती स्वतः गाणी रचायला लागली. अक्षराची ओळख नाही. खुरपताना गाणं रचायचं आणि घरी येईपर्यंत ते डोक्यात टिकलं तर ते चांगलं, नाहीतर गेलं उडत, अशी तिची रीत. रखमाजी जाऊन बारा वर्षं झाली तरी रीत तीच होती.

बाबासाहेबांच्या शताब्दीच्या वर्षी भीमराजनं दुकान टाकलं, तेव्हा तो डेक घेऊन तिच्या घरी गेला होता. खिडकीला गोधड्या लावल्या, कोंबड्या हाकलल्या, आणि दोन दिवस बसून तिची चौदा गाणी टेप केली. तीच ती ‘संगम भीमगीते, भाग एक’, वेष्टनावर एवढंच लिहिलेली. दुकानाचा जम बसला तो त्या एका कॅसेटवर. शेवगाव, पाथर्डी, नेवासा, पार गेवराईपर्यंत ती गेली, आणि गेली तिथं लोकांनी तिच्यावरून आणखी भरून घेतल्या.

परिषदेला आत्याला नेणार म्हटल्यावर त्याच्या बायकोनं, जयमालानं, एकच विचारलं, “त्यांची कॅसेट त्यांना कधी दिली का हो तुमी?”

“तिच्याकडं टेप कुठाय वाजवायला?” भीमराज म्हणाला आणि जेवायला बसला.

भागिरथीबाईला मात्र फार विनवावं लागलं नाही. “नगरला? समद्यांसमोर? येती की,” म्हणाली. पांढरं पातळ धुऊन, घडी करून गादीखाली ठेवलं होतं तिनं, ते नेसून ती सकाळी सातला स्टँडवर हजर.

एसटी अमरापूर ओलांडून तिसगावच्या रस्त्याला लागली. आत्याला खिडकी मिळाली होती आणि स्वारी खुशीत होती.

“भीमराज, तुझे लई उपकार हायेत बाबा,” ती म्हणाली. “ह्यांचं नाव ह्यांच्याबरुबर गेलं. माजं तू गावोगाव पोचीवलंस.”

“माझं काय त्यात आत्या. गाणी तुझी.”

“गान्याचं न्हाई म्हनत मी. गानं काय, तोंडातनं निघालं की जगाचं. छापंचं म्हनती.” आणि मग तिनं त्याला छाप म्हणजे काय ते नीट समजावून सांगितलं, जणू काही तो शहरातून आलेला कुणी साहेब होता. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात रचणाऱ्यानं आपलं नाव गुंफायचं, ती छाप. “आमच्या जलशात नेमच हुता. कुनाचंबी गानं कुनीबी म्हनावं, इचारायचं काम न्हाई. कमीजास्त केलं तरी चाललं. पन छाप गाळायची न्हाई. एकदा श्रीगोंद्याकडच्या एका गड्यानं ह्यांच्या गान्यातली छाप काढून आपली घातली. झालं, समद्यांनी धरला त्याला.”

“मारला?”

“मारत्यात कशाला! दंड न्हाई, काई न्हाई. पुढच्या जलशात भर लोकांत त्याला ह्यांच्या छापंसकट गानं म्हनाया लावलं. आन वर त्याच्याच तोंडानं सांगाया लावलं, की छाप म्या काढली हुती. बास. म्हनला, आन फिटलं. पुन्ना आमच्याच जलशात हुता तो मरूस्तोवर.”

भीमराज हसला, पण हसू अर्ध्यातच राहिलं.

साठ मिनिटांची कॅसेट, अर्धा तास एका बाजूला. आत्याचं गाणं पुरं ऐकलं तर सहा मिनिटांचं, म्हणजे बाजूला पाच गाणी बसायची. गिऱ्हाईक विचारायचं, गाणी किती? दहा म्हटलं की तोंड वाकडं करायचं. म्हणून भीमराजनं युक्ती काढली होती. गाणं शेवटाला आलं की डाव्या हाताच्या बोटांनी आवाजाचं बटण हळूहळू खाली फिरवायचं. गाणं लांब गेल्यासारखं विरत जायचं, ऐकायलाही बरं वाटायचं, आणि कुठं तुटल्याचं कळायचं नाही. बाजूला सात गाणी बसायला लागली आणि चौदाच्या चौदा एका कॅसेटीत आली. शेवटच्या कडव्यात नाहीतरी काय असतं? गोष्ट संपलेली असते, नुसतं नाव असतं. हे असं तो मनाशी म्हणाला होता, त्याच शब्दांत म्हणाला होता, हे त्याला आत्ता एसटीत लख्ख आठवलं.

आणि एवढ्यावर थांबला असता तर! वाचवलेल्या जागेत, दर गाण्याच्या आधी, त्यानं आपल्या घोगऱ्या आवाजात भरलं होतं, ‘संगम कॅसेट सेंटर, एसटी स्टँडमागे, शेवगाव.’ चौदा गाणी, चौदा वेळा.

“तू ऐकलीस का गं आत्या कधी ती कॅसेट?” त्यानं विचारलं.

“आपल्या वस्तीत कोन लावतंय? तिथं मीच म्हनती की. पन पलीकडच्या गावाला लगीन असलं की लांबनं ऐकू येती. वारं इकडचं असलं तर चांगली येती. शेवट तेवढा ऐकू येत न्हाई, वाऱ्यावर जातोय. पन वाजत आसंल की तिकडं.”

सांगून टाकावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. करंजीचा घाट लागला, एसटी वळणं घ्यायला लागली, आत्यानं समोरचा दांडा धरला, आणि भीमराजनं ठरवलं की आता नको, परिषद झाल्यावर सांगू. सांगायचं पुढं ढकललं की माणसाला केवढं हलकं वाटतं! नगर येईपर्यंत त्याला जवळजवळ बरं वाटायला लागलं होतं.

परिषद एका मंगल कार्यालयात होती. मांडवात शेवटच्या लग्नाच्या झिरमिळ्या तशाच लोंबत होत्या. कॅसेटवाले, त्यांच्या गावचे कार्यकर्ते, दोन पेपरवाले, मिळून दोनशेक माणसं. दारात नावं लिहून घेत होते, तिथं आत्यानं सही करायला पेन मागून घेतलं. लेकीनं शिकवलेली तेवढी चार अक्षरं तिनं अर्ध्या पानावर, दोन रकाने ओलांडून काढली. मागची रांग थांबली होती. तिला त्याचं काही नव्हतं.

वकिलांनी सुरुवात करताना जाहीर केलं, “आधी एक भीमगीत होईल. शेवगाव तालुक्यातल्या गायिका म्हणतील. त्यानंतर त्या दोन शब्द बोलतील.” ढोलकीला काष्टीचा गोरक्ष बसला. त्याचंही काष्टीला कॅसेटचं दुकान, त्याच्यावरही धाड पडलेली, आणि हात मात्र असा की बाजारच्या दिवशी लोक भाजी सोडून त्याच्या दुकानासमोर उभे राहत.

आत्यानं ‘पाटी’ म्हटलं. तिच्या गाण्यांत सगळ्यात चाललेलं गाणं हेच.

*घेऊन दे गं आई मला काळी पाटी नवी,*
*भीमाच्या गं लेकराला पुस्तकं ती हवी…*

दुसऱ्या ओळीला सगळा मांडव तिच्याबरोबर म्हणायला लागला. एक कडवं चुकलं नाही कुणाचं, श्वाससुद्धा तिच्याबरोबर घेत होते लोक. आत्याचा चेहरा असा फुलला, की काही क्षण भीमराज सगळं विसरला. हे मी केलं, असं त्याला वाटलं, आणि वाटण्यात चूक नव्हती.

चौथं कडवं संपलं. धृपदाला आले, आणि दोनशे माणसांनी हळूहळू आवाज उतरवायला सुरुवात केली.

कुणी सांगितलं नव्हतं. गाणं असंच असतं, अशी त्यांची समजूत होती. पहिल्यांदा ‘पाटी नवी’ जरा हळू, मग आणखी हळू, मग पुटपुटल्यासारखं. गोरक्षनं ढोलकीवर बोटं तेवढी टेकवत टेकवत ताल इतका सुरेख विरवत नेला की भल्याभल्यांनी माना डोलवाव्यात. मांडव शांत झाला आणि टाळ्या पडल्या. भीमराजच्या डाव्या हाताची बोटं त्याच्या मांडीवर आपोआप फिरत होती. ती त्यानं मुठीत धरली.

आत्या हात वर करून तशीच उभी होती. “आरं, हाय की आजून,” ती हसून म्हणाली, आणि ढोलकीची वाट न बघता एकटीनं म्हटलं,

*भागिरथी सांगे, मला अक्षर येईना एक,*
*माझं नाव लिहून मला दाखवील माझी लेक.*

लोक एकमेकांकडं बघायला लागले. गोरक्षनं ढोलकी बाजूला सरकवली. माणूस भला होता, अगदी अदबीनं बोलला, आणि तेच वाईट झालं.

“आज्जी, गाता तुमी झकास. डिट्टो कॅसेटमधल्या बाईवानी. पन हे कडवं ह्या गान्यात न्हाई. पाच वर्सं वाजवतोय मी. दुसऱ्याच्या गान्यात आपलं नाव घुसडनं बरं न्हाई, मोठ्या मानसानं तर न्हाईच.”

“दुसऱ्याच्या?” आत्या म्हणाली.

“मी म्हनतोय म्हनून नका ऐकू. हे काय संगमवाले बसल्यात, कॅसेट त्यांची हाय. भीमराजभाऊ, तुमीच सांगा. हाय का हे कडवं?”

सगळा मांडव भीमराजकडं वळला. आत्याही वळली. तिच्या तोंडावर काळजी नव्हती. आपला माणूस सांगेल, अशा खात्रीनं ती बघत होती. ‘हाय, म्या कापलं’, एवढंच म्हणायचं होतं. समोर पेपरवाल्यांनी वह्या उघडल्या होत्या. उद्या काय छापून येईल? चोर म्हणाला, हो, मी चोर.

भीमराज उठला, माइकपाशी गेला आणि म्हणाला, “वेळ थोडा आहे. आपण मूळ विषयाकडं वळू.”

आत्यानं त्याच्याकडं एकदा बघितलं. मग पदर सावरत ती खाली उतरली आणि बायकांच्या खुर्च्यांत अगदी कडेला जाऊन बसली. दोन शब्द तिनं बोलायचे राहिले ते राहिलेच, आणि कडव्याचा वाद वाढायला नको म्हणून वकिलांनीही विचारलं नाही.

मग भीमराजनं भाषण केलं. चार रात्री जागून लिहिलेलं, तोंडपाठ झालेलं भाषण. गाणं विकत न मिळणाऱ्या गावाला ते भरून देणं हा गुन्हा कसा, हे त्यानं विचारलं. ज्या कॅसेटी कंपनीनं काढायच्याच बंद केल्या, त्या कुलपात ठेवायचा हक्क तिला कायद्यानं का दिला, हे विचारलं. कोऱ्या कॅसेटीमागं थोडा आकार बसवा, तो थेट गाणं रचणाऱ्याच्या हातात द्या, आणि मग लोकांना मोकळेपणानं भरू द्या, असा मार्ग सुचवला. “हा कायदा कंपनीचं नाव सांभाळतो,” तो म्हणाला, “रचणाऱ्याचं नाव कोण सांभाळतं?” या वाक्याला टाळ्या पडणार, हे लिहितानाच त्याला माहीत होतं. पडल्या. एक पेपरवाला मान खाली घालून भराभरा लिहीत होता. भीमराजच्या कानांच्या पाळ्या भाजून निघाल्या. चौकीतल्या बाकावर जी लाज आली नव्हती ती सगळी आता, हारतुऱ्यांच्या मध्ये, टाळ्यांच्या आवाजात आली, आणि तोंड लपवायला जागा नव्हती. एखादा मुद्दा खोटा असता तरी त्याला जरा आधार वाटला असता. एकही खोटा नव्हता.

परतीच्या एसटीत आत्या पुन्हा खिडकीशी बसली, पण बाहेर बघत नव्हती. चांदबिबीचा महाल मागं पडला, तेव्हा ती म्हणाली, “भीमराज, मला वाटाया लागलंय, मीच इसरले का काय. ती पाटीची छाप म्या मागनं जोडली का रं? एवढी मानसं म्हनत्यात ती खोटं कशाला म्हनतील?”

हे मात्र त्याला सोसलं नाही. स्वतःच्या गाण्यावरचा तिचा विश्वासच आपण काढून घेतला, हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं सगळं सांगून टाकलं. बटण, डावा हात, पाचाची सात गाणी. सांगताना त्यानं मान वर केली नाही. कंडक्टर दोनदा तिकीट विचारून गेला.

तिनं खिडकीची काच ओढून लावली.

“चौदाच्या चौदा?” तिनं विचारलं.

“व्हय.”

“किती भरल्यास असल्या?”

“मोजल्या न्हाईत आत्या. हजार-दोन हजार आसतील. त्यांच्यावरनं लोकांनी भरल्या त्या येगळ्याच.”

“मागारी बोलावता यायच्या न्हाईत का?”

“न्हाई.”

“मंग ती पयली टेप? माज्या घरात भरली ती? तिच्यात हाय ना समदं?”

“तिच्यात हाय. पन ती पोलिसांनी नेली. पोत्यात गेली.”

आत्याला हसू आलं. कडू होतं, पण हसूच होतं. “म्हंजी माजं नाव चौकीत हाय म्हन की.” मग जरा वेळानं, “आन ती जागा उरली ती? तिथं काय घातलंस?”

हे ती विचारील असं त्याला वाटलं नव्हतं. खोटं बोलायचं त्राण आता उरलं नव्हतं. “दुकानाचं नाव,” तो म्हणाला. “दर गान्याच्या आदी.”

“हां,” आत्या म्हणाली. “म्हंजी छाप हुती. तुजी हुती.”

घाट संपला. तिसगावला चहाला गाडी थांबली, ती उतरली नाही, त्यानं आणून दिलेला चहा मात्र घेतला. कप परत देताना म्हणाली, “शेवगावच्या जयंतीला माइक तुजाच आसतोय ना?”

“माझाच. कर्णे घरी हुते म्हनून वाचले.”

“मंग औंदा मला तिथं म्हनायचंय. सांग त्या लोकांना.”

चौदा एप्रिलपर्यंतचे दोन महिने भीमराजनं कसे काढले ते त्यालाच माहीत. त्याचं भाषण एका पेपरात चार ओळी आलं, वकिलांनी कात्रण पाठवलं, ते त्यानं न वाचता पेटीत टाकलं. कोर्टात अर्ज करून ती पहिली टेप मागून बघितली. कारकून म्हणाला, मुद्देमाल आहे, निकाल लागेपर्यंत हात लावता येणार नाही. रस्त्यानं जाताना कुणाच्या ओट्यावर ‘पाटी’ वाजत असली की तो वळसा घालून जायचा. एकदा वळसा घालायला जागाच नव्हती. पाण्याच्या टाकीवर धुणं धुणाऱ्या बाया ते म्हणत होत्या, आणि शेवटाला त्यांनीही आवाज उतरवला. किती प्रेमानं उतरवला! तो सायकल धरून तिथंच उभा राहिला, आणि बायांना वाटलं याला पाणी प्यायचंय.

जयंतीच्या दिवशी ऊन उतरल्यावर मिरवणूक आली आणि लोक स्टेजपुढं बसले. सगळं शेवगाव होतं. जयमाला पोरीला घेऊन पुढंच बसली होती. भीमराज स्टेजच्या कोपऱ्यात अ‍ॅम्प्लिफायर पुढ्यात घेऊन बसला, डावा हात सवयीनं बटणावर.

आत्यानं दुसरं काही न म्हणता ‘पाटी’च घेतलं. लोकांनी उचललं. चार कडवी झाली, धृपद आलं, आणि नगरला झालं तेच इथं झालं. चार-पाचशे माणसांचा आवाज हळूहळू खाली यायला लागला. भीमराज वाट बघत होता, की आता ती थांबवील, आता म्हणेल, आजून हाय की.

ती तसं म्हणाली नाही. लोकांबरोबर तिनंही आपला आवाज खाली आणला, अगदी बेतशीर, कॅसेटीसारखा, आणि शेवटच्या ‘नवी’वर ती गप्प झाली. टाळ्या पडल्या.

टाळ्या चालू असतानाच ती माइक घेऊन, वायर ओढत, त्याच्याकडं आली आणि माइक त्याच्यापुढं धरला. बोलायचं कारण नव्हतं. श्रीगोंद्याच्या त्या माणसाची गोष्ट तिनं त्याला सांगितली होती.

भीमराज उठला. त्याला गाता येत नव्हतं, जन्मात कधी तो चारचौघांत गायला नव्हता. माइकमधून त्याचा आवाज लोकांच्या ओळखीचा होता तो एकाच वाक्यापुरता. त्याच आवाजात त्यानं सुरू केलं, “भागिरथी सांगे, मला अक्षर येईना…”

पुढच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. मागून एकानं ओरडून विचारलं, “भागिरथी कोन?”

त्यानं कडवं कसंबसं संपवलं. मग म्हणाला, “भागिरथी म्हंजी ही. माझी आत्या. गानं हिचं हाय. चौदाबी हिचीच हायेत. हे शेवटचं कडवं तुमच्या कुनाच्याच कॅसेटीत न्हाई, कारन ही छाप म्या काढली हुती. जागा पुरावी म्हनून काढली, आन तिथं माझ्या दुकानाचं नाव…”

“ऐकू येईना!” मागून आरोळी आली. “संगमवाले, आवाज!”

भीमराजनं खाली बघितलं. उभा राहिला तरी त्याचा डावा हात अ‍ॅम्प्लिफायरवरच होता, आणि बोलता बोलता त्या हातानं बटण खाली खाली फिरवत आणलं होतं. जयमालानं ते बघितलं होतं. आत्यानंही बघितलं होतं. तिनं वाकून त्याचं मनगट धरलं आणि हात बाजूला केला. मग स्वतःच्या खरबरीत बोटांनी बटण उलटं, होतं त्याच्याही वर फिरवलं. कर्णे एकदम कुंईं करून ओरडले.

“हितनं म्हन आता,” ती म्हणाली. “छापंपासनं.”

भीमराजनं दोन्ही हातांनी माइक धरला आणि कडवं पहिल्यापासून पुन्हा म्हणायला घेतलं.